लाईट संपल्या, आता जेवायचं कसं?

पत्र

ताई, सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारगावी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. माझे मिस्टर ४८ वर्षांचे. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. छातीचं मांस घेऊन गालाला लावलं, मानेतल्या गाठी काढल्या, मग तीस लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, घेतल्या. शेवटची लाईट होऊन पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात तपासणी चांगली आहे. पण घरातला माणूस पहिल्यासारखा नाही. तोंड कोरडं पडतं, रात्रीतून चार-पाच वेळा पाण्याला उठतात. चव गेली आहे, सगळं कागद चावल्यासारखं लागतं म्हणतात. तोंडात आधी दोन बोटं जायची, आता जेमतेम दीड. दूध-बिस्किटावर दिवस काढतात, पाणी पिताना ठसका लागतो. दिवसभर पडून असतात. पुतणीच्या साखरपुड्यात जेवताना ओठातून वरण गळलं आणि समोरची दोन पोरं हसली. तेव्हापासून ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून एकटे जेवतात. सासूबाईंनी त्यांची ताटवाटी वेगळी केली आहे. जाऊबाई लहान मुलांना त्यांच्याजवळ बसू देत नाहीत, अंगात किरणं राहतात म्हणे. लाळ सुटावी म्हणून यांनी अलीकडे सुपारी चघळायला सुरुवात केली आहे. डावीकडची खालची दाढ दुखते, गावातले दाताचे डॉक्टर काढून टाकू म्हणालेत. सासूबाई म्हणतात, जीव वाचला हे काय कमी आहे, कुरकुर कशाला. मला ते पटत नाही आणि उलटून बोलताही येत नाही. हे असंच राहणार का? ते पुन्हा भाकरी खातील का?

उत्तर

ताई, सगळ्यात आधी दाढेचं. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी निरोप पाठवला होता की दाढ काढू नका, आधी जिथे लाईट घेतल्या त्या हॉस्पिटलच्या दंत विभागाला दाखवा. इथे पुन्हा सविस्तर लिहिते, कारण गालाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी ज्या घरात कोणी लाईट घेतल्या आहेत, त्या प्रत्येक घराने ही गोष्ट पाठ करून ठेवायला हवी. किरणांमुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला रक्त कमी पोचतं. एरवी दाढ काढली की तिथला खड्डा काही आठवड्यांत भरून येतो. किरणं घेतलेल्या जबड्यात तो भरत नाही, असं होऊ शकतं. हिरडीतून हाड उघडं पडतं, आतून मरत जातं, वास येतो, पू होतो, आणि मग पुन्हा मोठं ऑपरेशन करायची वेळ येते. खालच्या जबड्याला हा धोका जास्त. पाच महिने गेले म्हणून किंवा दहा वर्षं गेली म्हणून तो संपत नाही.

गावातल्या डॉक्टरांना बोल लावू नका. किरणं नेमकी कुठे आणि किती दिली हे त्यांना कोणी सांगितलंच नसेल. हॉस्पिटलमधून 'ट्रीटमेंट समरी' नावाचा कागद मागून घ्या आणि त्याची झेरॉक्स कायम फाइलमध्ये ठेवा. त्यावर एकूण डोस 'ग्रे' या मापात लिहिलेला असतो. ऑपरेशननंतर सहसा रोज २ ग्रे याप्रमाणे ६० ते ६६ ग्रे देतात, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या तीस लाईट ६० ग्रेच्या आसपास जातात. एवढा डोस जबड्यावर पडला असेल तर आधी दाढ वाचवायचा प्रयत्न होतो, रूट कॅनाल करून. काढावीच लागली तर ती या कामाचा अनुभव असलेल्या दंतशल्यचिकित्सकाने काढायची, अँटिबायोटिक देऊन, हाडाला कमीत कमी धक्का लावून, वर टाके घालून. हे एवढं सांभाळलं की बहुतेकांचं निभावून जातं.

आता सासूबाईंच्या वाक्याबद्दल. 'जीव वाचला हे काय कमी आहे' असं त्या म्हणतात त्यामागे लेकराला गमावण्याची भीती आहे, ती मी समजू शकते. पण या वाक्याने फार नुकसान होतं. लाईट संपल्यावर जे मागे राहतं तो स्वतंत्र आजार आहे, त्याला स्वतंत्र इलाज आहेत, आणि ते मागणं म्हणजे कुरकुर नव्हे. त्यातल्या काही गोष्टी काळ गेला की आपोआप सुधारतात, चव हे त्याचं उदाहरण. काही मात्र वाट पाहत बसलं तर दर महिन्याला बिघडत जातात. तुमच्या पत्रात अशा दोन गोष्टी आहेत: तोंड न उघडणं आणि पाण्याचा ठसका. मी स्पीच थेरपिस्ट म्हणून, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर, याच रुग्णांबरोबर काम करते, आणि 'होईल हळूहळू बरं' म्हणत वर्ष घालवून आलेली माणसं पाहिली की जीव तुटतो, कारण पहिल्या काही महिन्यांत जे मिळवता येतं ते नंतर तितकं मिळत नाही.

तोंड उघडण्याचं आधी घेऊ. जबडा चालवणाऱ्या स्नायूंवर किरणं पडली की ते कडक होत जातात. ऑपरेशनचा व्रण आकसतो, गालाला लावलेलं मांसही थोडं आकसतं. ज्यांनी आधी गुटखा, सुपारी खाल्ली आहे त्यांचा गाल तर कॅन्सरच्या आधीपासूनच आतून ताठ झालेला असतो. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड, वरच्या पुढच्या दातापासून खालच्या पुढच्या दातापर्यंत मोजलं तर ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. ३५ च्या खाली आलं की त्याला उपचार लागतो असं मानतात. दीड बोट म्हणजे साधारण २५. आणि ते दोनावरून दीडवर आलं आहे, ही गोष्ट पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांच्या कानावर घाला. बहुतेक वेळा कारण आकसणं हेच असतं. पण तोंड अचानक जास्त बंद होऊ लागलं, सोबत नवं दुखणं किंवा कानात कळ असेल, तर आजार परत डोकावतो आहे का हे आधी तपासून घ्यावं लागतं. व्यायाम त्यानंतर.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्पीच थेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्या. महागडी यंत्रं मिळतात, पण आमच्याकडे बहुतेक काम होतं ते जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांवर, आईस्क्रीमच्या काडीसारख्या असतात त्या. मेडिकलमध्ये मिळतात. गालाला बाहेरून कोमट ओल्या फडक्याचा शेक द्यायचा (हात लावून ऊब बघा, किरणं घेतलेल्या कातडीला चटका पटकन कळत नाही), मग दातांमध्ये जितक्या पट्ट्या सहज मावतात तितक्यांची चळत ठेवायची. त्या चळतीच्या मधोमध आणखी एक पट्टी हळूच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, डोळ्यांतून पाणी काढणारी कळ नको. अर्धा मिनिट धरून सोडायचं, असं पाच वेळा, आणि ही फेरी दिवसातून चार-पाचदा. दुखऱ्या दाढेच्या बाजूने पट्ट्या घालायच्या नाहीत, दाढेचा निकाल लागेपर्यंत तर नाहीच. एका आठवड्यात एखादी पट्टी वाढली तरी ती मोठी कमाई. माझ्याकडे येणारे एक शेतकरी दर रविवारी पोराच्या कंपासपेटीतल्या प्लास्टिकच्या पट्टीने तोंड मोजायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहायचे. २२, २२, २३, मध्ये सर्दी-तापाच्या आठवड्यात २१, मग २४. रोज आरशात काहीच फरक दिसत नाही, कॅलेंडरवर दिसतो, आणि माणूस टिकून राहतो. व्यायाम सोडला की तोंड पुन्हा बंद होऊ लागतं, म्हणून निदान वर्ष-दोन वर्षं दात घासण्यासारखी ही सवय ठेवायची आहे.

ठसक्याचं मी त्याहून गांभीर्याने घेते. पाणी पातळ असतं, ते पटकन घशात उतरतं, आणि किरणांनी घशाचे स्नायू मंदावलेले असले की श्वासनलिकेचं दार वेळेत बंद होत नाही. थोडं पाणी फुप्फुसात जातं. ठसका लागतो म्हणजे शरीर निदान प्रतिकार करतंय. काहींना तर ठसकाही लागत नाही आणि थेट न्यूमोनियाच होतो. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, अधूनमधून कारण नसताना ताप आणि खोकला येतो का, हे बघा आणि तसं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गिळण्याची तपासणी होते: नाकातून बारीक दुर्बीण घालून, किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन तो कसा उतरतो हे एक्स-रेवर पाहून. कर्करोग हॉस्पिटलात ही सोय बहुधा असते, मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करा. तोवर घोट लहान, पाठ सरळ, खाताना टीव्ही बंद आणि बोलणंही बंद. हनुवटी छातीकडे झुकवून गिळा असं कुणी सांगेल. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना उलटा त्रास होतो, म्हणून तपासणीशिवाय ते करू नका. आणि काहीही झालं तरी तोंडाने खाणं पूर्ण थांबू देऊ नका, डॉक्टरांनीच मनाई केली तर गोष्ट वेगळी. गिळणारे स्नायू वापरले नाहीत की आणखी सुकतात.

दूध-बिस्किटं बंद करा. तुम्ही प्रेमाने देता, त्यांना सोपं जातं, हे कळतं मला. पण बिस्किटाचा गोड लगदा कोरड्या तोंडात दातांना चिकटून राहतो, आणि पोटात जातो तो मैदा अन् साखर. ऑपरेशन आणि लाईटने झिजलेल्या शरीराला प्रथिनं हवीत. तुमच्याच स्वयंपाकघरात ती आहेत. मऊ भात, घट्ट वरण, वर साजूक तूप. मुगाची आसट खिचडी. आमटीत वस्त्रगाळ केलेलं दाण्याचं कूट. ज्वारीची नाहीतर नाचणीची आंबील ताकात कालवून. अंडं चालत असेल तर मऊ भुर्जी. ज्वारीची भाकरी आजच मिळू शकते: गरम भाकरी कुस्करून पातळ आमटीत किंवा दुधात अर्धा तास भिजू द्या, मग मऊ मळून द्या. ठेच्याचा विचार सध्या नको, मिरपूड आणि आंबटही जपून. जेवण तीनदा भरपूर देण्यापेक्षा सहादा थोडं द्या. दर सोमवारी वजन करा, दुकानात काटा असेलच. महिन्याभरात दोन-तीन किलो घटलं तर आहारतज्ज्ञाकडे जायचं, तिथे संकोच नको.

चव साधारण लाईटच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते आणि परत यायला काही महिने ते वर्षभर लागतं. पाच महिने म्हणजे अजून वेळ आहे. पूर्वीसारखी शंभर टक्के येईलच असं सांगणार नाही, पण बहुतेकांना बरीचशी येते. तोवर वासाची मदत घ्या. जिभेला चव कळली नाही तरी तुपातल्या जिऱ्या-हिंगाच्या फोडणीचा वास नाकाला कळतो, आणि जेवणावर बसावंसं वाटण्यात त्याचा मोठा हात असतो.

लाळेचं थोडं समजून घ्या, म्हणजे सुपारीचंही बोलता येईल. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. घास भिजवणं, दात धुणं, आम्ल मारणं, सगळं तिचं काम. जेवताना सुटणारी बरीचशी लाळ कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीतून येते, आणि त्या ग्रंथी किरणांपुढे फार नाजूक असतात. किरणं कशी दिली यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घशाच्या कॅन्सरचे ९४ रुग्ण होते. जुन्या पद्धतीने लाईट घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ८३ टक्क्यांना तोंड कोरडं पडण्याचा बऱ्यापैकी त्रास होता. पॅरोटिड वाचवत 'आयएमआरटी' पद्धतीने घेतलेल्यांमध्ये तो २९ टक्क्यांवर होता. म्हणून ट्रीटमेंट समरीवर आयएमआरटी लिहिलं आहे का ते बघा. शिवाय तुमच्या मिस्टरांचा आजार डाव्या गालाचा. उजवी पॅरोटिड बरीचशी वाचली असण्याची शक्यता चांगली आहे, आणि वाचलेली ग्रंथी दोन वर्षांपर्यंत सुधारत राहते.

तोवर काय करायचं? एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून बाटली भरून ठेवा आणि दिवसभरात अनेकदा चूळ भरायला द्या, जेवणानंतर तर नक्कीच. बाजारातले झोंबणारे, अल्कोहोल असलेले माउथवॉश नकोत. रात्री पाण्याचा पेला उशाशी हवाच, पण झोपण्याआधी तोंडातून थोडं खोबरेल फिरवलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. कृत्रिम लाळेचं जेलही मिळतं. पायलोकार्पिन नावाची लाळ वाढवणारी गोळी आहे, ती दमा किंवा काचबिंदू असलेल्यांना चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. लाळ नाही तर दात भराभर किडतात, मुळाशी, हिरडीच्या कडेला, आणि पुन्हा दाढ काढायच्या प्रश्नाशी येऊन आपण थांबतो. म्हणून दात मऊ ब्रशने दोनदा, दंतवैद्यांनी दिलेलं जास्त फ्लोराइडचं जेल रोज, तपासणी दर तीन-चार महिन्यांनी. राखुंडी, मिश्री, दंतमंजन यांना घरातून निरोप द्या. लिंबाच्या गोळ्या, चिंच, आवळासुपारी चघळून लाळ सुटते खरी, पण आम्लाने दात झिजतात.

आणि सुपारी. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. गाल आतून ताठ करून तोंड बंद करणारा रोग तिच्यामुळेच होतो. म्हणजे लाकडी पट्ट्यांनी जे दार आपण रोज एकेक मिलिमीटर उघडणार, ते सुपारी बंद करत राहणार. त्याहून मोठी भीती अशी की एका जागी कॅन्सर झालेल्या तोंडात दुसरीकडे नवा उगवायला हीच वाट असते. लाळेसाठी सुपारी हे कारण ते सांगतात. मला वाटतं हाताला आणि जबड्याला जुनी सवय आठवते आहे, दुकानात गिऱ्हाईक नसताना काहीतरी तोंडात टाकायची. त्यात लाज नाही, ते व्यसन असतं. त्यांना रागावू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथे समुपदेशक बोलतात आणि मागे लागून फोन करतात. तुम्ही लावून द्या, बोलू द्या त्यांना. गल्ल्यावर सुपारीच्या डबीच्या जागी बिनसाखरेचं च्युइंगगम ठेवा, चावणं जमत असेल तर त्याने लाळही सुटते.

साखरपुड्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. ओठाची एक बाजू ऑपरेशनने बधिर झालेली असते, त्यामुळे वरण गळतंय हे माणसाला स्वतःला कळतच नाही; समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. त्या क्षणी काय वाटलं असेल! हे केवळ त्यांच्या मनाचं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा: डोके-मानेच्या कॅन्सरनंतर माणूस कसा जगतो हे मोजायला जगभर एक प्रश्नावली वापरतात, ३५ प्रश्नांची. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ती मराठीत आणि हिंदीत आपल्या रुग्णांवर पारखूनही घेतली आहे. दुखणं, गिळणं, बोलणं यांच्याबरोबर तिच्यात वेगळे प्रश्न आहेत की घरच्यांसमोर जेवायला त्रास होतो का, इतरांसमोर जेवायला त्रास होतो का, जेवणाचा आनंद घेता येतो का. इतक्या लोकांना हे होतं म्हणूनच ते प्रश्न तिथे आहेत.

त्यांना एकदम लग्नाच्या पंगतीत नेऊ नका. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणायचं, एवढंच या महिन्याचं काम. सुरुवात तुमच्या दोघांपासून. रात्रीचं जेवण, तुम्ही समोर न बसता त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे चांगल्या बाजूला बसा. ताटाऐवजी खोलगट वाटी, लहान चमचा, घास उजव्या गालात ठेवायचा, आणि जवळ एक स्वच्छ रुमाल; दोन-तीन घासांनंतर सवयीनेच ओठ टिपायचा, गळलंय का हे न बघता. आरशासमोर दिवसातून दोनदा ओठ घट्ट मिटून 'प', 'ब', 'म' म्हणायचे, गाल फुगवून हवा धरायची, त्याने ओठाची पकड सुधारते. आठवड्यातून दोन-तीन दिवस सगळ्या घरानेच खिचडी नाहीतर आंबील खावी, म्हणजे एकट्याचं ताट वेगळं दिसत नाही. 'अजून दोन घास घ्या ना' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. जेवायला पाऊण तास लागतो आणि कुणीतरी घास मोजतंय, याचं फार दडपण येतं. मग एखादा जवळचा मित्र चहाला. कार्य असेल तेव्हा घरून पोटभर खाऊन निघायचं आणि तिथे ताकाचा पेला हातात ठेवायचा. त्या दोन पोरांबद्दल म्हणाल तर त्यांच्या आईवडिलांशी शांतपणे एकदा बोला. मुलांना काय झालंय ते सांगितलं की ती सहसा मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजून घेतात.

ताटवाटी उद्याच्या उद्या एकत्र करा. कॅन्सर उष्ट्याने, लाळेने, स्पर्शाने पसरत नाही. आणि जाऊबाईंना सांगा, लाईटचं मशीन बाहेरून किरणं टाकतं. मशीन बंद झालं की अंगात किरणं शिल्लक राहत नाहीत. शेवटच्या लाईटच्या दिवशीही ते मुलांना मांडीवर घेऊ शकत होते. ही गोष्ट तुमच्या तोंडून त्यांना पटणार नसेल तर पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सगळ्यांदेखत विचारा. तुम्हाला उलटून बोलावं लागणार नाही. तुमच्या दोघांतल्या जवळिकीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, मीही फार बोलत नाही. त्यालाही बंदी नाही, एवढं मनात असू द्या.

दिवसभर पडून असतात असं एका ओळीत लिहिलंय. त्याला उदासी म्हणण्याआधी रक्ताची एक तपासणी करा, टीएसएच. मानेवर किरणं पडली की थायरॉइड ग्रंथी मंदावते; काही महिन्यांतही मंदावते, काही वर्षांनीही. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, आवाज जड होणं, कशातच मन न लागणं, हे सगळं तिच्यामुळे होऊ शकतं आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने सुधारतं. दर सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी करायची असते, गावाकडे ती हमखास राहून जाते. टीएसएच ठीक निघालं आणि तरी ते पडूनच असले, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलले, तर ते मनावर घ्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे, ताई. दुकान, दवाखाना, सासूबाई आणि आंबील हे सगळं एका बाईवर आलंय, आणि पत्रात तुम्ही स्वतःबद्दल धड एक ओळही लिहिलेली नाही.

ऑपरेशनच्या बाजूचा खांदा उचलताना दुखत असेल तर तेही फिजिओला सांगा, मानेतल्या गाठी काढताना तिथली नस दुखावते आणि खांदा उतरतो. व्यायामाने फरक पडतो.

तपासणी चुकवू नका. पहिल्या वर्षी ती दर एक ते तीन महिन्यांनी असते, आणि आजार उलटायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. रेल्वेने जात असाल तर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला आधी घेऊन ठेवावा लागतो. जाताना एका कागदावर लिहून न्या: दाढ, तोंड दोनावरून दीड बोटावर आलंय, पाण्याचा ठसका, टीएसएच, वजन. ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो आणि 'कसं आहे?' म्हटलं की आपले लोक 'बरं आहे' म्हणून मोकळे होतात. तो कागद टेबलावर ठेवा आणि मिस्टरांना स्वतःला वाचू द्या, बोलणं अडखळत असलं तरी.